फतेहगंजात दुपारचं आशियाई जेवण: काय मागवावं, कसं पारखावं

कमाटीबाग_फाटक

बडोद्यातलं फतेहगंज, प्रतापगंज आणि निझामपुऱ्याच्या तोंडापर्यंतचा पट्टा, एवढ्यापुरताच हा धागा ठेवू. विद्यापीठ, वसतिगृहं आणि आसपासची ऑफिसं यांच्यामुळे इथे मोमोच्या लाऱ्या (हातगाड्या), चायनीजच्या गाड्या, रामेन (रस्स्यातल्या जपानी नूडल्स) आणि बिबिंबाप (भाज्या घातलेला कोरियन भात) देणारे छोटे कॅफे आणि थाई करी देणारी एसी हॉटेलं असं सगळं पायी फिरण्याच्या अंतरात मिळतं. हॉटेलांची नावं मुद्दाम नकोत. लारीवरचा कारागीर बदलला की आठवड्यात चव बदलते, धागा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यापेक्षा पदार्थ कसा पारखायचा, दुपारी काय मागवण्यात अर्थ आहे आणि काय संध्याकाळवर ठेवावं, ते लिहा.

माझ्याकडून सुरुवात. यातली बरीच ठिकाणं चालतात ती संध्याकाळच्या गर्दीवर. दुपारी कार्डावर साठ पदार्थ दिसले तरी ताजे होतात चार-पाच, बाकीचे कालच्या तयारीतून निघतात. ते चार-पाच कोणते हे ओळखायचं. म्हणून नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी साधा व्हेज फ्राइड राइस नाहीतर साधे वाफवलेले मोमो मागवावेत. शेजवान, चिली पनीर, चीजवाले प्रकार यांत सॉस सगळं झाकून टाकतो. साध्या भातात झाकायला काही नसतं. तांदूळ कसा शिजवला, तेल ताजं आहे का, कढई किती तापते, हे पहिल्या दोन घासांत कळतं.

मोदकपात्र

मोमोबद्दल लिहिते. ज्याला मोदकाची पारी कळते त्याला मोमो पारखायला वेगळं शिकावं लागत नाही.

पारी मैद्याची. २५० ग्रॅम मैद्याला साधारण १२० ते १२५ मिली पाणी आणि चिमूटभर मीठ. सोडा, यीस्ट काही नाही. मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं, मग २६-२८ गोळ्या. लाटताना कडा पातळ, मध्यभाग जाड. कारण कडा वर गोळा होऊन तिथे चार-पाच थर जमतात आणि सारणाचं वजन पेलतो तो मधला भाग. पूर्ण चकती सारख्या जाडीची लाटली की दोनच गोष्टी होतात: मुरड कच्ची राहते किंवा बूड फाटतं. म्हणून प्लेट आल्यावर आधी मुरडीचं टोक दाताखाली घ्या. आत पांढरं, पिठाळ लागलं तर वाफ कमी पडली आहे. ती प्लेट निःसंकोच परत द्यावी, तीन-चार मिनिटांत सुधारते.

कोबीचं सारण असेल तर कोबीला मीठ चोळून पंधरा मिनिटांनी घट्ट पिळणं गरजेचं. न पिळलेल्या कोबीचं पाणी वाफेत सुटतं आणि पारी खालून गिजगोळा होते. पिळून वर तेल किंवा लोणी घातलेलं नसेल तर सारण कोरडं, भुसभुशीत. प्लेटभर मोमोंची बुडं चिकटून फाटत असतील तर जाळीला तेल लावलेलं नाही, एवढंच. तो दोष सारणाचा नाही.

वेळ: कोबी-गाजराचे ८ ते १० मिनिटं, कच्च्या चिकनचे १२ ते १४. लारीवाला दोन मिनिटांत प्लेट हातात देत असेल तर ते आधीच वाफवून मोकतूत (तो मजल्यांचा ॲल्युमिनियमचा डबा) ठेवलेले आहेत. तेही चालतं, पण वीस-पंचवीस मिनिटांपर्यंतच. त्यापुढे पारी फुगून बुळबुळीत होते, आणि झाकण सतत उघडं राहिलं तर कडा सुकून चामड्यासारख्या होतात. म्हणून गर्दी असलेल्या लारीवर जावं. तिथे डबा सारखा रिकामा होतो.

एकभुक्त

मोदकपात्र ताई, फ्रोझन मोमो कसे ओळखायचे? आणि ते वाईटच असतात का?

मोदकपात्र

सगळ्यांच्या कळ्या मोजून सारख्या, पारी जरा जाड, सारण वाटल्यासारखं एकजीव. हाताने केलेल्यात दोन मोमो कधी जुळे नसतात. वाईट नसतात, फक्त फ्रिजरमधून थेट वाफेवर जायला हवेत, १२ ते १५ मिनिटं. आधी बाहेर काढून वितळवले की पारी ओली होऊन जाळीला चिकटते. दुपारी फ्रोझनच मिळणार असतील तर तळलेले किंवा तव्यावर परतलेले घ्यावेत, जाड पारी तिथे खपून जाते. पण तळलेले घेताना तेलाचा रंग बघा. गडद तपकिरी, कडेला फेस येणारं तेल दिसलं तर नको.

लाल चटणीचं: सुकी मिरची, टोमॅटो, लसूण, मीठ, कधी तीळ. बोटाला भडक केशरी डाग राहिला आणि धुऊनही निघाला नाही तर त्यात खायचा रंग आहे.

तिरफळ

फ्राइड राइसवर सविस्तर लिहितो, कारण फतेहगंजात दुपारी सर्वांत जास्त खपतो तो हाच आणि बिघडतोही हाच.

भात आधी शिजवून, पसरून, गार केलेला लागतो. ताज्या गरम भाताच्या शितांवर ओल असते, कढईत ती वाफ होते आणि शितं एकमेकांना धरतात. गार भातातला स्टार्च घट्ट होतो म्हणून शित सुटं परततं. एका प्लेटला २५० ते ३०० ग्रॅम भात आणि दोन मोठे चमचे तेल. कोणी "तेल कमी" सांगतात. एका चमच्याच्या खाली गेलात तर लोखंडी कढईत भात चिकटतो, मग कारागीर सुटावा म्हणून पाणी शिंपडतो आणि हाती येतो मऊ पुलाव.

लारीचा मोठा फायदा म्हणजे जोराची शेगडी. कढई धूर सोडेपर्यंत तापते, सोया सॉस कडेच्या तापल्या लोखंडावर पडून क्षणात आटतो आणि तो धुरकट खमंगपणा येतो. घरच्या गॅसवर ते होत नाही. पण हाच कारागीर दुपारी दीड वाजता चार प्लेटी एकदम टाकतो तेव्हा कढईचं तापमान कोसळतं, कोबी-सिमला मिरचीला पाणी सुटतं आणि भाजी परतण्याऐवजी शिजते. चौघांनी जाऊन चार फ्राइड राइस मागवण्यापेक्षा दोन राइस, एक नूडल्स, एक कोरडं मंचूरियन मागवा. आपोआप वेगवेगळ्या खेपा होतात आणि प्रत्येक खेप नीट तापते.

हक्का नूडल्सची परीक्षा सोपी आहे. काट्याने एक नूडल उचला. दहा एकदम वर आल्या तर उकळल्यावर गार पाण्यातून काढून तेल चोळलेलं नाही. अर्ध्यात तुटल्या तर जास्त शिजल्या.

शेजवान चटणीविषयी एक सांगतो. चीनमधल्या सिचुआनच्या स्वयंपाकात जी जीभ बधिर करणारी मिरी असते ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या जवळच्या नात्यातली, दोन्ही एकाच वंशाची झाडं. आपल्याकडच्या शेजवान चटणीत ती जवळपास कधीच नसते. ती सुकी मिरची, लसूण, आलं, तेल आणि व्हिनेगरची चटणी. चांगली असते तेव्हा लसूण तेलात मंद परतलेला, गोडसर लागतो. घाईने केलेल्या चटणीत लसूण कच्चा उग्र किंवा करपून कडू.

मापटं

तिरफळ यांच्या गार भाताच्या मुद्द्याला जोडून एक गंभीर गोष्ट. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षात ठेवावी.

कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळण्याने मरत नाहीत. शिजलेला भात साध्या हवेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यापैकी काही असं विष तयार करतात की पुन्हा कितीही जोरात परतलं तरी ते नष्ट होत नाही. म्हणून "कडक गरम करून दिलं होतं" याला भाताच्या बाबतीत अर्थ नाही. उलट्या एक ते सहा तासांत सुरू होतात.

५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा. बडोद्यात मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, म्हणजे लारीवर उघड्या टोपातला भात नेमका या पट्ट्यात बसलेला असतो. बरोबर पद्धत अशी: भात शिजला की पसरट ताटात पातळ थर द्यायचा, तासाभरात गार करायचा, लगेच फ्रिजात, आणि परतताना गरजेपुरताच बाहेर काढायचा. तुम्ही उभे असताना भात फ्रिजमधल्या किंवा बर्फाच्या पेटीतल्या डब्यातून निघतो की गाडीवरच्या टोपातून, एवढं बघा. टोपातून निघत असेल तर उन्हाळ्यात साडेबाराच्या सुमारास जा, तीनला नको. संध्याकाळी त्याच टोपातला उरलेला भात तर मुळीच नको.

नूडल्सलाही हेच लागू. रंग, वास, चव यांवरून हे विष कळत नाही.

कमाटीबाग_फाटक

मापटं, हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकावा इतका महत्त्वाचा आहे. म्हणूनच पावणेतीननंतर मी कोणालाही भाताचं काही सुचवत नाही. त्या वेळी सूप, मोमो किंवा तव्यावर समोर बनणारं काही.

चातुर्मास

शाकाहारी लोकांसाठी कोणी नीट लिहील का? "व्हेज" लिहिलेल्या थाई, कोरियन पदार्थांत नेमकं काय काय विचारायचं? काउंटरवरची मुलं "हो, व्हेज आहे" एवढंच म्हणतात.

वाटी_डाव

चातुर्मास ताई, "व्हेज आहे का" असं विचारू नका. उत्तर "हो"च येणार. बाटली किंवा डबा दाखवायला सांगा. पाकिटावर हिरवा ठिपका असतो किंवा नसतो, त्यात वाद उरत नाही. कशात काय दडलेलं असतं ते सांगतो.

थाई ग्रीन-रेड करीच्या वाटणात हिरवी किंवा लाल मिरची, गवती चहाचा दांडा, गालांगल (आल्याच्या कुळातलं, जास्त उग्र), मकरुट लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळं असतात. याशिवाय पारंपरिक वाटणात आंबवलेल्या जवळ्याची चटणी असतेच. भाजी घातल्याने ते वाटण शाकाहारी होत नाही. शाकाहारी वाटण वेगळं विकत मिळतं किंवा हॉटेलात स्वतः वाटतात. पॅड थाई (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स) आणि टॉम यम (आंबट-तिखट सूप) यांत फिश सॉस. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क, त्याच्या जागी मशरूमचा सॉस असतो, तो विचारा. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. किमचीमध्ये (कोरियन आंबवलेला कोबी) बहुतेकदा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) सूप दिसायला निरागस, पण त्याचा मूळ रस्सा सुकवलेल्या माशाच्या किसाचा. टोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या नळ्या, पण त्यांचा रस्साही पारंपरिक पद्धतीत सुक्या अँकोव्हीचा. गोचुजांग (कोरियन लाल मिरचीची आंबवलेली पेस्ट) मिरची, तांदूळ, सोयाबीन, मीठ यांची असते, ती बहुधा चालते. तरी डबा बघावाच.

मोदकपात्र

यात एक भर. मजल्यांच्या मोकतूत वरच्या जाळीवरचं पाणी खालच्या जाळीवर ठिबकतं. चिकनचे मोमो वर आणि कोबीचे खाली असतील तर खालच्या मोमोंना काय अर्थ राहिला? वेगळा डबा नसेल तर व्हेज सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा. तळणीचंही तसंच, कढई एकच असते.

चातुर्मास

हे ठिबकण्याचं लक्षातच आलं नव्हतं. आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल तर?

वाटी_डाव

सरळ सांगतो, चायनीजमध्ये फार कमी पर्याय राहतात. शेजवान चटणी, हॉट गार्लिक, चिली सॉस, मंचूरियनचा मसाला, सगळ्यांत लसूण आधीच वाटलेला असतो. नंतर "जैन करून द्या" म्हटल्याने तो निघत नाही. जमतं ते असं: कोबी-फरसबी-सिमला मिरचीचा भात, फक्त मीठ, मिरपूड, सोया सॉस, व्हिनेगर. जैन खाणाऱ्यांनी गाजर काढायला सांगावं, ते कंदमुळांत येतं. कढई धुवून घ्यायला सांगणं योग्यच आहे, पण गर्दीच्या वेळी नको, पावणेबाराला गेलात तर कारागीर आनंदाने धुतो. व्हिएतनामी राइस पेपर रोल हा मात्र चांगला पर्याय: काकडी, कोबी, पुदिना, तुळस, टोफू. शेंगदाण्याच्या सॉसमध्ये लसूण आहे का तेवढं विचारायचं. ते रोल समोर गुंडाळलेले हवेत. राइस पेपर काही सेकंद पाण्यात बुडवला की मऊ होतो, आणि फ्रिजात तासाभरात पुन्हा कडक, रबरासारखा होतो.

एकभुक्त

थाई करीबद्दल अजून लिहा. एसी हॉटेलात महाग पडते, आणि कधी कधी नारळाच्या दुधाचं पाणचट सूप हाती येतं.

वाटी_डाव

पाणचट का होते ते बघा. खरी पद्धत अशी की नारळाचं जाड दूध आधी कढईत आटवायचं, त्याचं तेल सुटलं की त्या तेलात वाटण परतायचं, वास बदलला की मग पातळ दूध. म्हणजे आपण नारळाच्या रस्स्याला वाटण तेल सुटेपर्यंत परततो तेच. पाकिटातल्या दुधात ते फुटू नये म्हणून स्थिरक घातलेलं असतं, त्याला तेल सुटतच नाही. मग चांगला कारागीर वेगळ्या तेलात वाटण परततो. घाईचा कारागीर दूध उकळून त्यात दोन चमचे वाटण ढवळतो. वाटीच्या कडेला हिरव्या किंवा लाल तेलाचे बारीक थेंब तरंगत असतील तर परतलेली आहे. एकसारखी दुधाळ, पोपटी, तेलाचा पत्ताच नाही, तर ढवळलेली.

भात जॅस्मिनचा हवा, किंचित चिकट असतो म्हणून करी धरतो. बासमती आला तर करी तळाला जाते. अशा वेळी आपल्याकडचा आंबेमोहोर जास्त शोभेल, हे माझं प्रामाणिक मत. आणि करीतले गवती चहाचे दांडे, गालांगलचे काप, लिंबाची पानं बाजूला काढायची, चावायची नाहीत. ती काढून टाकायची वस्तू आहे, बिर्याणीतल्या तमालपत्रासारखी.

दोघांत एक करी आणि दोन भात पुरतात. करी साधारण ४०० मिलीच्या वाटीत येते, एकट्याला दुपारी जड होते.

तिरफळ

पॅड थाई: रंग लालभडक असेल तर केचप आहे. मूळ आंबटपणा चिंचेचा, गोडवा ताडगुळाचा, म्हणून रंग गुळाच्या पाकासारखा तपकिरी. या नूडल्स तांदळाच्या. गार पाण्यात ३० ते ४० मिनिटं भिजवून थेट कढईत टाकायच्या. उकळून ठेवल्या की प्लेटमध्ये लगदा.

दांडिया_बाजार

रामेन आणि बिबिंबापचं काय? फतेहगंजातल्या कॅफेंमध्ये कॉलेजची मुलं तेच जास्त मागवतात.

तिरफळ

रामेनच्या नूडल्समध्ये कानसुई हा क्षार असतो, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा. आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. त्यामुळे मैदा पिवळसर होतो आणि नूडलला ताण येतो, गरम रस्स्यात लगेच विरघळत नाही. बऱ्याच कॅफेंमध्ये "रामेन" म्हणून येतं ते तळून वाळवलेल्या इन्स्टंट नूडल्सवर अंडं आणि कांद्याची पात. नागमोडी नूडल, रस्स्यावर तेलकट तवंग आणि पाकिटातल्या मसाल्याचा खारटपणा यावरून कळतं. ते चांगलं लागू शकतं, पण पैसे त्या हिशोबाने द्यावेत.

शाकाहारी रस्सा खरा हवा असेल तर कोम्बू (समुद्री शेवाळ), सुके शिताके मशरूम, मिसो, तीळ वाटून, सोया दूध असं काहीतरी असलं पाहिजे. नुसतं गरम पाणी आणि सोया सॉस असेल तर पहिल्या घोटात खारट आणि दुसऱ्या घोटात काहीच नाही. कोम्बूमधलाच तो चवदार घटक, ग्लुटामेट, जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळा केला, तोच पुढे अजिनोमोटो म्हणून विकला गेला. तेव्हा "अजिनोमोटो नको" सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की सोया सॉस, मशरूम, टोमॅटो यांत ग्लुटामेट मुळातच असतं आणि बाटलीबंद सॉसमध्ये बहुधा वरून घातलेलंही असतं. वरची चिमूट टळते, बाकी नाही.

रामेन आल्यावर सात-आठ मिनिटांत संपवावं. नूडल्स रस्सा पीत राहतात. फोटोत पाच मिनिटं गेली की उरतो तो फुगलेला शेवयांचा गोळा. याच कारणाने रामेनचं पार्सल नको, द्यायचंच असेल तर रस्सा आणि नूडल्स वेगळे. आणि मे महिन्यात दुपारी, पंख्याखालच्या कॅफेत रामेन? माझ्या मते नाही. जुलै-ऑगस्टच्या पावसात अवश्य.

मापटं

बिबिंबाप दुपारसाठी मला जास्त योग्य वाटतो. भात, चार-पाच वेगवेगळ्या परतलेल्या भाज्या, अंडं, गोचुजांग, तिळाचं तेल. दगडी भांड्यातला असेल तर आल्या आल्या ढवळू नका, एक-दोन मिनिटं थांबा, तळाला खरवड धरू द्या, मग खालून वर कालवा. साध्या वाडग्यातला असेल तर लगेच कालवा. दोष बहुधा एकच, सगळ्या भाज्या एकत्र परतून टाकलेल्या असतात. प्रत्येक भाजी वेगळी परतली तरच पालक पालकासारखा आणि गाजर गाजरासारखं लागतं. गोचुजांग अर्ध्या चमच्याने सुरू करा, नंतर काढता येत नाही.

सुशीचं थोडक्यात: भात व्हिनेगरमुळे आंबट असतो, म्हणून काही तास बाहेर टिकतो. फ्रिजात ठेवला की शित कडक. दाताला कडक लागला तर तो रोल आज गुंडाळलेला नाही. पावसाळ्यात नोरीचा (सुक्या समुद्री शेवाळाचा) कागद दमटपणाने चामट होतो. कच्चा मासा उन्हाळ्यात छोट्या ठिकाणी नको. काकडी, ॲव्होकाडो, टेम्पुरा (पातळ पिठात बुडवून तळलेलं) घ्या.

दांडिया_बाजार

गुजरातेत दारूबंदी, मग जपानी-चिनी स्वयंपाकातली मिरीन, साके, शाओशिंग वाइन (सगळ्या तांदळाच्या दारू) यांच्या जागी इथे काय वापरतात? चव त्यामुळेच कमी पडते का?

वाटी_डाव

थोडी पडते, हे खरं. एक मोठा चमचा मिरीनच्या जागी एक मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा साखर, हा प्रचलित तोडगा. तेरियाकीत (गोडसर सोया सॉसचा जपानी लेप) तो बरा जमतो कारण साखर आटून चकाकी येते. घाईत नुसती साखर वाढवतात, मग तेरियाकी पाकात बुडवल्यासारखी लागते. तुम्हाला ती जास्त गोड वाटली तर कारण हेच समजा आणि पुढच्या वेळी वरून लिंबू किंवा व्हिनेगर मागा. स्टर-फ्रायमध्ये शाओशिंगची उणीव व्हेज स्टॉकचा एक डाव आणि व्हिनेगरचे दोन थेंब बऱ्यापैकी भरून काढतात.

मोदकपात्र

खाओ सुए राहिलं. ब्रह्मदेशातला पदार्थ, पण गुजरातला परका नाही, सुरतेत "खावसा" म्हणून गाड्यांवर मिळतो. नारळाच्या दुधाचा रस्सा, दाटपणासाठी भाजलेलं बेसन, नूडल्स, आणि वर तळलेला कांदा, तळलेला लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, मिरचीची भुकटी, तळलेल्या नूडल्स. दुपारी ऑफिसवाल्यांसाठी हा सर्वांत सोयीचा, कारण रस्सा सकाळी केला तरी दुपारपर्यंत मुरून चांगलाच लागतो. अट एवढीच की तो मंद आचेवर वाफाळता ठेवलेला हवा, गार होऊन पुन्हा तापवलेला नको. बेसन कच्चं राहिलं असेल तर पिठल्याचा कच्चट वास येतो, तो लिंबानेही जात नाही. वरचं सगळं वेगळ्या वाट्यांत मागा आणि थोडं थोडं घाला, कुरकुरीतपणा शेवटच्या घासापर्यंत राहतो. शेव-उसळ खाणाऱ्या बडोदेकरांना हे वेगळं शिकवायला नको, तिथेही शेव एकदम ओतत नाही आपण.

एकभुक्त

पंचेचाळीस मिनिटांची सुट्टी, त्यातली दहा जाण्यायेण्यात. काय जमेल?

कमाटीबाग_फाटक

लारीवर एका प्लेटचा राइस-नूडल्स कढईत गेल्यापासून पाच मिनिटं. खाओ सुए वाढायचाच असतो. मोमो ताजे हवे असतील तर दहा-बारा. थाई करी आणि बिबिंबाप पंधरा ते वीस. सुशी आणि राइस पेपर रोल गुंडाळायला वेळ खातात. एक वाजता सगळी ऑफिसं सुटतात, तेव्हा साडेबाराला पोचण्याचा फरक मोठा पडतो. फोनवर आधी सांगून ठेवणार असाल तर नूडल्स-राइस सांगू नका, येऊन उभे राहिल्यावर टाकायला सांगा. करी आणि खाओ सुए आधी सांगितलेलं चालतं.

दांडिया_बाजार

बिलाबद्दल एक उपयोगी माहिती. साध्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी. पण जो व्यावसायिक कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना) आहे त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असावं लागतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. शांतपणे "तो काढून द्या" म्हणावं. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर किंवा भिंतीवर असतो, लहान लारीलाही नोंदणी लागते.

चातुर्मास

शेवटचा प्रश्न. घरच्यांसाठी मंचूरियन ग्रेव्ही नेली की घरी पोचेपर्यंत पाणी होते. का?

तिरफळ

कॉर्नफ्लोअरची दाटी नाजूक असते. एक कप ग्रेव्हीला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन चमचे गार पाण्यात कालवून, उकळी फुटल्यावर घालायचं आणि मिनिटभर शिजवून उतरवायचं. फार वेळ खदखदवली किंवा व्हिनेगर आधी घालून उकळली तर आंबटपणा आणि उष्णतेने दाटी मोडते. दुसरं, तळलेले गोळे ग्रेव्हीत तासभर राहिले की कोबीचं पाणी सोडतात. तिसरं कारण आपल्या हातात आहे: डब्यातूनच चमच्याने चाखून तोच चमचा परत बुडवला की लाळेतलं विकर स्टार्च पातळ करतं.

म्हणून पार्सलला गोळे कोरडे आणि ग्रेव्ही वेगळ्या डब्यात मागा, व्हिनेगर "शेवटी टाका" सांगा. घरी ग्रेव्ही पातेल्यात एक उकळी येईपर्यंतच गरम करा, पातळ वाटली तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला, गॅस बंद करून गोळे सोडा आणि लगेच वाढा.

चातुर्मास

आभार, तिरफळ. आज तसंच मागवते, दोन डबे वेगळे.